अनवाणी पाउलें

बीडच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या कुशींत कपिलधार आहे. तेथें मन्मथस्वामींची समाधी आहे आणि पावसाळ्यांत कड्यावरून धबधबा कोसळतो. समाधीच्या दर्शनास जावयाचें म्हणजे वहाणा बाहेरच राहावयाच्या. मोठीं माणसें तें तेवढ्यापुरतें सोसतात. शहरांतून आलेल्या मुलाला मात्र जणूं नवेंच इंद्रिय लाभतें. उन्हांतला दगड पोळतो, सावलींतला निववतो. ओला खडक कोठें घसरडा आणि कोठें खरबरीत, हें डोळ्यांआधीं तळव्याला कळतें. मग आईच्या हांका व्यर्थ!

हा निव्वळ खोडकरपणा नव्हे. तान्ह्या मुलाचें पाऊल सपाट दिसतें. त्याची कमान वाढत्या वयांत घडते. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणींत २,३०० मुलांचीं पाउलें तपासलीं गेलीं. पादत्राणें वापरणाऱ्यांत सपाट पाऊल शेकडा ८.६, तर अनवाणी फिरणाऱ्यांत अवघें २.८ आढळलें. त्यांतही बंद बूट घालणाऱ्यांत हें प्रमाण अधिक होतें.

तथापि जागा पारखावी. जेथें लोक उघड्यावर शौचास बसतात, तेथील ओलसर मातींतून अंकुशकृमीच्या अळ्या कोवळ्या त्वचेंत शिरूं शकतात. धनुर्वाताची लस टोंचलेली असावीच. घरचें अंगण, देवळाचा ओटा, नदीची स्वच्छ वाळू यांस मात्र आडकाठी नसावी.

आणि ज्याच्या घरीं वहाण घेण्याची ऐपतच नाहीं, त्या ऊसतोड्याच्या लेकरास तापलेल्या फुफाट्यांत हा आनंद सांगूं नये. त्याला आधीं वहाणा हव्यात. त्या काढून भिरकावण्याची मौज मागाहून.