कलशातील पाणी आणि कोराडीचा धडा

घटस्थापनेच्या मंगल मुहूर्तावर तेल्हाऱ्यात घरोघरी कलश भरला जातो. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याचे मोल भाविकांस निराळे सांगावयास नको. सातपुड्यातून उतरणारी वान आणि वारी येथील हनुमान सागर हाच या मुलखाचा आधार. वानचे पाणी वाढत्या अकोला शहरासाठी राखून ठेवण्यास येथील शेतकऱ्यांनी विरोध केला, तो याच चिंतेपोटी.

शहराची तहानही खोटी नव्हे. मग मार्ग कोणता? तो श्रीजगदंबेच्या कोराडीस दिसतो. नागपूर महानगरपालिका व महानिर्मिती यांच्यात २००८ मध्ये करार झाला आणि भांडेवाडी येथे शहराचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्रास देण्याची योजना साकारली. तिची क्षमता दररोज १३ कोटी लिटर. जिवाणू मळ विघटित करतात, गाळ तळाशी बसतो, निवळलेले पाणी वीजकेंद्राच्या कामी येते. ते पिण्यासाठी नव्हे. परंतु तितकेच धरणाचे निर्मळ पाणी माणसांसाठी उरते.

शहरे वापरलेले पाणी पुन्हा वापरतील, तर वानसारख्या नद्यांवरील भार हलका होईल. देवीपुढील कलशाचे पावित्र्य राखणे ते हेच!