भाकरी घातली, इंजेक्शनचं काय?

चांगली दुभती गाय. सकाळपासून चारा टाकलेला. तोंडातून लाळेच्या तारा गळतायत, घोगऱ्या आवाजात सारखी हंबरते, शेणासाठी नुसती कुंथत राहते. घरधनी म्हणतो, "घशात काहीतरी अडकलंय. मक्याचं कणीस असंल." दोघंजण गाय धरतात, तिसरा बाही सारून कोपरापर्यंत हात घशात घालतो. हाताला काहीच लागत नाही. दोन-चार दिवसांत गाय मरते. मग कुणाला तरी आठवतं, महिना-दीड महिन्यापूर्वी वस्तीवरचं कुत्रं गाईच्या तोंडाला चावलं होतं आणि ते कुत्रंही नंतर दिसलं नाही.

शेतकरी बंधूंनो, गाईच्या घशात कणीस नव्हतंच. तो रेबीज होता. घशात हात घालणाऱ्याच्या बोटाला विळ्याची कापलेली जखम असेल, तर त्या लाळेतून रोग त्याच्याही अंगात जाऊ शकतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की त्यावर औषध नाही. माणूस असो वा जनावर, मरण जवळजवळ ठरलेलं. मात्र लक्षणं दिसण्याआधी वेळेवर लस घेतली, तर हा रोग हमखास टळतो.

म्हणूनच हा विषय शहरातल्या हौशी कुत्रेवाल्यांचा नाही, आपला आहे. आपल्याकडचं कुत्रं धड पाळीव नसतं आणि धड मोकाटही नसतं. चार घरची भाकरी खातं, रात्री खळ्यावर भुंकतं, ढोरांमागं रानात जातं. भाकरी सगळे घालतात, पण इंजेक्शनची वेळ आली की, "आमचं न्हाई ते, असंच येतं." जो भाकरी घालतो, त्यानंच इंजेक्शनही द्यावं, एवढं जरी गावानं ठरवलं तरी निम्मं काम झालं.

कोणती लस, केव्हा?

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांची एकत्रित लस सुरू करावी. पार्व्होत पिल्लाला रक्ताची हगवण लागते आणि उलट्या होऊन ते चार दिवसांत जातं. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस. त्यानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरा डोस आणि मग दरवर्षी एकदा. मांजरालाही तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्यावी. "मांजराला कशाला?" असं म्हणू नये, मांजराच्या चाव्यातूनही रेबीज होतो.

लस थंड राहिली तरच काम करते. तिला २ ते ८ अंश तापमान लागतं. तालुक्याहून बाटली खिशात घालून मोटारसायकलवर उन्हातून आणली, तर ते पाणी टोचल्यासारखंच आहे. बर्फाच्या थर्मासातून आणावी, नाहीतर कुत्रंच दवाखान्यात न्यावं.

जंताचं औषध पिल्लू दोन-तीन आठवड्यांचं असल्यापासून, तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी द्यावं. मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी. मेंढरं-शेरडं असलेल्यांनी हे विसरूच नये. बकरं कापल्यावर त्याची कलेजी, फुप्फुस, आतडी कच्ची कुत्र्यापुढं टाकायची पद्धत बंद करावी. त्यातल्या पाण्याच्या गाठींतून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर आणि भाजीवर पडतात आणि पुन्हा मेंढरांच्या, कधी माणसांच्याही काळजात गाठी होतात.

कुत्रं चावलं तर

पहिलं काम दवाखान्याचं नाही, नळाचं. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण आपली पंधरा मिनिटं दोन मिनिटांतच संपतात. मिरचीपूड, चुना, हळद, रॉकेल काहीही लावू नये. मांत्रिकाकडं आणि गावठी औषधात दिवस घालवू नये.

त्यानंतर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. जुन्या लोकांच्या मनात अजून पोटातल्या चौदा सुयांची भीती आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनणाऱ्या त्या लशीचं उत्पादन देशात २००४ च्या अखेरीस बंद झालं. आताची लस दंडात देतात. सरकारी दवाखान्यात बहुधा पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. जखमेतून रक्त आलं असेल, तर लशीबरोबर जखमेत सिरमही द्यावं लागतं. ते आरोग्य केंद्रात नसेल, तर डॉक्टर पाठवतील त्या दवाखान्यात लगेच जावं. "दोन इंजेक्शनं घेतली, बरं वाटतंय," म्हणून पुढची सोडू नयेत.

चावलेलं कुत्रं मारू नये. धोका न पत्करता बांधता आलं तर बांधून दहा दिवस नजर ठेवावी. दहा दिवसांनी ते धडधाकट असेल, तर चावताना त्याच्या लाळेत रोग नव्हता. पण त्या दहा दिवसांत आपली लस थांबवायची नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. पिसाळलेलं कुत्रं दर वेळी धावून येतंच असं नाही. कधी अंधारात गप्प बसतं, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो. लोकांना वाटतं हाडूक अडकलंय, आणि पुन्हा हात तोंडात जातो.

गाय, बैल, शेळीला कुत्रं चावलं तरी हाच नियम. जखम साबणाने धुवावी, पण हातात प्लास्टिकची पिशवी किंवा हातमोजे घालूनच. पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवून ठरलेल्या तारखांना सगळी इंजेक्शनं द्यावीत. संशय असलेल्या जनावराचं दूध घरात वापरू नये, डेअरीलाही घालू नये. त्याची लाळ हाताला लागली असेल, तर माणसानंही डॉक्टरांना दाखवावं.

जपणूक आणि वळण

गोठ्यातल्या गोचिडांवरचं फवारणीचं औषध मांजरावर मारू नये. मांजर अंग चाटतं आणि त्यातच जातं. तापावरची पॅरासिटॅमॉलची गोळी तर मांजराला विषच आहे. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचं आमिष बिळात घालून बीळ बुजवावं, आणि मेलेले उंदीर खोल पुरावेत. नाहीतर उंदरावर पाळलेलं मांजर आणि राखणीचं कुत्रं दोन्ही एकाच रात्रीत जातात.

कुत्रं चावरं जन्मत नाही, बहुतेक वेळा आपणच ते तसं करतो. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. लहानपणीच पोरंटोरं, पाहुणे, ढोरं यांची सवय लावावी. दिवसभर आखूड साखळीनं बांधलेलं कुत्रं चिडखोर होतं. त्यापेक्षा दोन खांबांना तार ताणून साखळी तिच्यावर सरकती ठेवावी, जवळ सावली आणि पाणी असावं. ते खात असताना, झोपलेलं असताना किंवा पिल्लांजवळ असताना पोरांनी हात लावू नये, हे पोरांना आधी शिकवावं.

जुन्नर, अकोले अशा उसाच्या पट्ट्यात बिबट्याला कुत्रं म्हणजे आयतं भक्ष्य. अशा भागात कुत्रं रात्री अंगणात न बांधता बंदिस्त गोठ्यात ठेवावं. आतून भुंकलं तरी राखण होते.

पिल्लांचा प्रश्न उरतोच. कुत्री वर्षाला दोनदा विऊ शकते. पिल्लं पोत्यात घालून बाजारच्या गावाला सोडून यायची, ही आपली जुनी खोड. त्या गावचे लोकही तेच करतात, म्हणून कुत्री कमी होत नाहीत, नुसती गावं बदलतात. खरा उपाय नसबंदीचा. नसबंदी केलेलं कुत्रं भटकतं कमी, आपसात भांडतं कमी, आणि राखण तशीच करतं.

ग्रामपंचायतीनं काय करावं?

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव जनावराची जबाबदारी मालकाची, तर मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीची आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांची आहे. विष घालून कुत्री मारणं गुन्हा आहे, आणि त्यानं प्रश्नही सुटत नाही. रिकाम्या जागी लस न घेतलेली दुसरी कुत्री येतात. नसबंदीसाठी पकडण्याचं काम मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच करावं.

कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला. त्यासाठी दर दहापैकी किमान सात कुत्र्यांना दरवर्षी लस मिळायला हवी. हे आकडे दिल्लीत नाही, गावातच जमतील. ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटलांनी वाडीवार यादी करावी: कुत्री किती, भाकरी कोण घालतं. ग्रामसभेत विषय घ्यावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून शिबिराची तारीख ठरवावी. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्याच सुमारास ठेवलं तर दरवर्षी लक्षात राहील. टोचलेल्या कुत्र्याच्या गळ्यात रंगीत पट्टा बांधावा, म्हणजे राहिलेलं कोणतं ते पोरंसुद्धा सांगतील.

पोळ्याला आपण बैल धुतो, रंगवतो, पुरणपोळी घालतो. राखणदाराचा असा सण आपल्याकडं नाही. वर्षातून एक दिवस त्याला दवाखान्यात नेलं, तर तोच त्याचा पोळा समजावा.