स्तंभाचा पाया आधी बघा

२०११च्या जनगणनेत केरळची साक्षरता ९४ टक्के होती, महाराष्ट्राची ८२.३ टक्के. या आकड्यांचा स्तंभालेख शून्यापासून काढला, तर केरळचा स्तंभ आपल्यापेक्षा साधारण एक सप्तमांशाने उंच दिसतो. आता उभा अक्ष ८० पासून सुरू करा. महाराष्ट्राच्या स्तंभाला जेमतेम २.३ एकक उंची उरते, केरळला १४. पाहणाऱ्याला वाटते, केरळ आपल्या सहापट पुढे आहे. आकडे दोन्ही खरे, चित्र मात्र फसवे!

कारण स्तंभ पाहताना आपण त्याची अख्खी लांबी जोखतो. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकी संशोधकांनी १९८४ साली प्रयोगांतून दाखवले, की कोन किंवा क्षेत्रफळापेक्षा लांबीची तुलना माणूस अधिक अचूक करतो. वृत्तालेखातल्या दोन जवळपास सारख्या भागांपैकी मोठा कोणता, हे सांगताना आपण अडखळतो. शेजारी उभ्या दोन स्तंभांत ते लगेच कळते. पायाच कापला, की हा सगळा फायदा गेला. रेषालेखात मात्र चढउतार वाचायचा असतो, त्यामुळे तिथे शून्य नसले तरी बिघडत नाही.

स्तंभालेख आणि रेषालेख हे दोन्ही रुजवले विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने. १७८६च्या त्याच्या पुस्तकात इंग्लंडच्या व्यापाराचे वर्षानुवर्षांचे आकडे रेषांनी दाखवले आहेत. स्कॉटलंडचे आकडे त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते, म्हणून त्याने प्रत्येक देशाशी होणाऱ्या आयात-निर्यातीचे आडवे पट्टे काढले. काळाला रेषा, गटांना स्तंभ ही विभागणी आजही उत्तम आहे.

आलेख शब्दांत सांगतानाही जपावे लागते. कशाचा, कुठला, कोणत्या वर्षीचा आणि कोणत्या एककात, हे आधी सांगावे. मग सर्वांत मोठा, सर्वांत लहान आणि त्यांतला फरक. टक्क्यांशी तर विशेष सावध असावे. महाराष्ट्राची साक्षरता २००१ मध्ये ७६.९ टक्के होती. दहा वर्षांतली वाढ ५.४ टक्क्यांची नव्हे, ५.४ टक्केबिंदूंची, मूळ आकड्याच्या तुलनेत ती सुमारे ७ टक्के भरते. बातम्यांत हा घोळ सर्रास होतो आणि वाचकाची दिशाभूल होते.

पण शून्यापासून काढलेला प्रामाणिक स्तंभालेखही कधी अपुरा पडतो. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४. शेजारी काढलेले हे दोन स्तंभ जवळजवळ सारखेच दिसतात. हजारामागे १९ मुली कमी होणे ही मात्र अतिशय गंभीर गोष्ट आहे. अशा आलेखाखाली तो फरक स्पष्ट शब्दांत लिहा.