तापलेले इंजिन आणि बोअरचे पाणी

डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिचा साधारण तिसरा हिस्साच चाक फिरवायला किंवा पंप ओढायला उपयोगी पडतो. उरलेल्यातली बरीचशी धुराबरोबर निघून जाते आणि पाव हिस्सा किंवा त्याहून थोडी जास्त लायनरमध्ये आणि हेडमध्ये मुरते. ती वेळच्या वेळी बाहेर काढली नाही, तर ऑइल पातळ होते, पिस्टन फुगून लायनरला धरतो आणि इंजिन जाम होते. आयशरच्या काही ट्रॅक्टरांत हे काम हवा करते. बहुतेक इंजिनांत ते पाण्याकडे असते. वॉटर पंप पाणी ब्लॉकमध्ये ढकलतो, ते लायनरभोवतून हेडमध्ये चढते आणि थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरमध्ये उतरते.

शिक्रापूरच्या चौकात पुणे-अहिल्यानगर रस्त्याला चाकणचा रस्ता येऊन मिळतो. रांजणगाव आणि चाकणच्या कारखान्यांचा माल वाहणारे ट्रेलर इथल्या कोंडीत रांगत असतात. इंजिन चालू आणि गाडी जवळजवळ उभी, त्यामुळे समोरचा वारा मिळत नाही आणि सगळा भार पंख्यावर येतो. गळीत सुरू झाले की शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर पाटस, आलेगावच्या कारखान्यांकडे ऊस ओढणारे, मागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिसतात. ओझे भरपूर आणि वेग कमी, त्यात फडातले पाचट आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत अडकलेली. पाणी काठोकाठ असूनही ट्रॅक्टर तापतो, तेव्हा पहिला संशय या जाळीवर घ्यावा. सफाईची हवा पंख्याच्या बाजूने बाहेर मारावी. समोरून मारली तर कचरा आणखी आत बसतो. वॉशिंग सेंटरवरच्या जोरदार फवाऱ्याने पातळ पत्रे आडवे होतात आणि हवेची वाटच बंद होते.

खरे दुखणे मात्र आतल्या पाण्याचे आहे. या भागातला खडक काळा, बेसाल्टचा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. तापल्यावर ते बंबात बसतात तसेच लायनरच्या पाठीवर पांढऱ्या खपलीसारखे बसतात. ही खपली ओतीव लोखंडापेक्षा कितीतरी कमी उष्णता जाऊ देते. परिणामी पाणी फारसे तापलेले दिसत नाही, पण लायनर मात्र भाजत असतो.

हे दुखणे जुनेच आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ साली झाली, खडकीत कारखाना उभा राहिला आणि विहिरींवरच्या मोटेची जागा हळूहळू इंजिनाने घेतली. तशा अनेक इंजिनांना उपसलेल्या पाण्यातलीच एक बारीक धार जोडलेली असे. ती इंजिनातून गरम होऊन पाटात पडे. सोय मोठी होती, पण पाणी सतत नवे असल्याने क्षारही सतत नवे येत. रेडिएटरमध्ये तेच पाणी फिरत राहते, म्हणून क्षार एकदाच बसायला हवेत. प्रत्यक्षात होज गळते, झाकण सैल असते आणि रोज सकाळी बोअरचे लिटरभर पाणी वर ओतले जाते. अशा वेळी क्षारांवरचा पहिला इलाज म्हणजे गळती बंद करणे.

पाणी बॅटरीत घालतात तसले, क्षार काढलेले घ्यावे आणि त्यात कूलंट डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळावे; बहुधा ते निम्मे-निम्मे असते. ‘आपल्याकडे बर्फ कुठे पडतो’ म्हणून कूलंट टाळणारे पुष्कळ आहेत. इथे त्याचा उपयोग गंज रोखण्यासाठी आहे. पिस्टनच्या ठोक्यांनी लायनर सतत थरथरतो, त्याच्या पाठीवर सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि प्रत्येक फुटण्याने धातूचा कण निघतो. साध्या पाण्यावर चालवलेल्या लायनरला यातून आरपार भोके पडू शकतात. कूलंटमधली रसायने धातूवर संरक्षक थर धरतात. ती हळूहळू संपतात, म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीत कूलंट बदलावे लागते. नुसता रंग सारखा पाहून दोन जातींची कूलंटे एकत्र करू नयेत.

उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची रीत अनेक गॅरेजांत आहे. ती चुकीची आहे. थर्मोस्टॅटमधले मेण साधारण ८० अंशांच्या पुढे फुगून वाट उघडते. तो काढला की हलक्या कामात इंजिन थंडच राहते, डिझेल नीट जळत नाही, झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की बायपासची वाट कायम उघडी राहते आणि भाराखाली बरेच पाणी रेडिएटर टाळून फिरते. संशय आला तर थर्मोस्टॅट पाण्याच्या पातेल्यात सोडून तापवावा; त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास उघडला तर तो चांगला आहे.

पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. बोटाच्या रुंदीपेक्षा जास्त दबला तर ताणावा. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असते. त्यातून पाणी टपकू लागले की सील गेले असे समजावे. ते भोक एम-सीलने बुजवले तर पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

झाकणातली स्प्रिंग पाण्यावर दाब ठेवते. शिक्रापूरच्या उंचीवर उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. पाऊण किलो दाबाखाली तेच ११५ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणूनच तापल्या इंजिनाचे झाकण उघडताच उकळता फवारा तोंडावर येतो. काटा लाल पट्टीकडे गेला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन काही मिनिटे बिनभाराचे चालू ठेवावे. पाणीच निघून गेले असेल तर मात्र लगेच बंद करावे. कोरड्या पडलेल्या सेन्सरवर काटा खालीही येतो, तेव्हा त्यावर विसंबू नये. तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी ओतले तर हेडला चीर जाते. थंड झाल्यावर डिपस्टिकवरचे ऑइल दुधी दिसले किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे उठत राहिले, तर गास्केट उडालेले असण्याचीच शक्यता जास्त.

जुने कूलंट काढताना रेडिएटरचा आणि ब्लॉकचा, असे दोन्ही कॉक उघडावेत. नुसत्या रेडिएटरचा उघडला तर ब्लॉकमधला गाळ तसाच राहतो. नवे हळूहळू भरावे आणि वरची होज गरम होईपर्यंत झाकण काढूनच इंजिन चालवावे, म्हणजे अडकलेली हवा निघते आणि पातळी उतरली तेवढे भरता येते. निघालेले कूलंट पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवावे. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते; ओढ्यात किंवा गोठ्याजवळ सांडले तर जनावरे ते चाटतात.