रोलला हात लावण्याआधी

तुरीच्या दाण्यात साल साधारण 12 ते 15 टक्के असतं. अंकुराचा बारीकसा भाग सोडला, तर बाकी सगळी डाळ. म्हणजे 100 किलो तुरीतून 85 किलोच्या आसपास डाळ मिळण्याजोगी असते. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय संस्थेने बसवलेल्या सुधारित पद्धतीत उतारा 80च्या आसपास जातो. जुन्या पद्धतीच्या दालमिलमध्ये मात्र 70 ते 75वर समाधान मानतात. मधला माल कणी होतो, पावडर होतो आणि चुनीबरोबर जनावरांच्या खुराकात जातो. आपल्याकडे गरिबाच्या ताटातल्या प्रथिनांचा डाळ हा मोठा आधार आहे. ती अशी गोठ्याकडे जाताना मला बघवत नाही.

मी भालकी तालुक्यातली. पुण्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होते, तिथे सिक्स सिग्मा या गुणवत्ता सुधारण्याच्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलं, त्यातली ‘ब्लॅक बेल्ट’ ही वरची पायरी गाठली. आता कलबुर्गी, हुमनाबाद, बसवकल्याण या पट्ट्यातल्या लहान-मध्यम मिलसाठी सुधारणेचे प्रकल्प चालवते. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या नेहरू गंज बाजारपेठेतली आवक साऱ्या देशाच्या बाजाराला माहीत आहे. तरी सिक्स सिग्मा म्हटलं की इथले मिलमालक म्हणतात, “ताई, ते मोठ्या कंपन्यांचं काम. आपली तर चार रोलची मिल.” चार रोलच्या मिललाच या पद्धतीची जास्त गरज आहे, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या कंपनीला नासाडी सोसण्याची ताकद असते.

हिशेब साधा आहे. दिवसाला 100 क्विंटल तूर भरडणारी मिल धरा. उतारा एका टक्क्याने वाढला, तर रोज एक क्विंटल डाळ जास्त निघाली. घाऊक भाव किलोला 100 रुपये धरला, तर ते 10 हजार रुपये झाले. तेवढी चुनी कमी निघेल, तिचे पैसे वजा करा. तरीही हंगामभरात उरणारी रक्कम कुणाही मालकाला खुर्चीत सरळ बसवेल.

आता सिग्मा म्हणजे काय ते सांगते. दोन ढिगांतल्या तुरीची ओल मोजली आणि दोन्हींची सरासरी 10 टक्के आली. पहिल्या ढिगातला जवळजवळ प्रत्येक नमुना साडेनऊ ते साडेदहाच्या आत आहे. दुसऱ्यात कुठे 7, कुठे 13. मुनीमजींच्या वहीत दोन्ही ढीग सारखेच. रोलला मात्र फरक लगेच कळतो. फार वाळलेला दाणा फुटून कणी होतो, ओलसर दाणा साल सोडत नाही. सरासरीभोवतीचा हा पसारा मोजण्याचं माप म्हणजे सिग्मा. पसारा इतका आवळायचा, की सरासरी आणि चालून जाईल अशी शेवटची हद्द यांच्यामध्ये सहा सिग्मा मावले पाहिजेत. सरासरी काळाच्या ओघात थोडी सरकते, हे गृहीत धरून मांडलेल्या हिशेबानुसार त्या पातळीवर दहा लाखांत 3.4 चुका होतात. तीन सिग्माला याच हिशेबाने जवळजवळ 67 हजार. दालमिलला सहा गाठायची गरज नाही. दोनवरून तीनवर आली, तरी तिचं नशीब बदलतं.

ही पद्धत 1986 साली अमेरिकेतल्या मोटोरोला कंपनीत बिल स्मिथ या अभियंत्याने मांडली. 1995मध्ये जॅक वेल्च यांनी ती जनरल इलेक्ट्रिकमध्ये आणली आणि जगभर तिचा बोलबाला झाला. मूळ मात्र त्याहून जुनं आहे. संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 साली पहिला नियंत्रण-आलेख काढला. हेच शूहार्ट स्वातंत्र्य मिळाल्यावर काही महिन्यांतच, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून भारतात आले होते. तेव्हा हे ज्ञान आपल्या दारात येऊन पाऊण शतक झालं. ते दारातच का थांबलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मराठी वाचकाला सिक्स सिग्मा म्हटलं की मुंबईचे डबेवाले आठवतात. 1998मध्ये ‘फोर्ब्स’ नियतकालिकात त्यांच्यावर लेख आला आणि त्यांना सिक्स सिग्माचं प्रमाणपत्र मिळाल्याची समजूत पसरली. असं प्रमाणपत्र कुणी दिलेलं नव्हतं. लेख लिहिणाऱ्या पत्रकाराने पुढे स्वतःच सांगितलं, की आपण तो शब्दसुद्धा वापरला नव्हता. डबेवाल्यांचं काम थोर आहे, त्याला या बिरुदाची गरज नाही. सिक्स सिग्मा हा भिंतीवर लावायचा दाखला नाही, ठरावीक मुदतीत पार पाडायचं काम आहे, एवढं या निमित्ताने लक्षात ठेवावं.

ते काम पाच टप्प्यांत चालतं : प्रश्न ठरवणं, मोजणं, कारण शोधणं, सुधारणं आणि सुधारलेलं टिकवणं. कलबुर्गीजवळच्या एका मिलमधला प्रकल्प सांगते, म्हणजे कळेल. तक्रार होती कणी फार निघते अशी. मालकांचं मत ठरलेलं : रोल जुने झाले, नवी मशीन घेऊ. मिस्त्रींचं मतही ठरलेलं : माल खराब येतो. पहिल्या दिवशी आम्ही एका पानावर प्रश्न लिहिला. त्यात कारण लिहायचं नाही आणि दोषी म्हणून कुणाचं नावही लिहायचं नाही, एवढाच नियम. कणी किती निघते, कुठल्या टप्प्यावर मोजायची, किती दिवसांत किती कमी करायची आणि कोण काय बघणार, एवढंच; शिवाय मजुरीची एक ओळ, तिच्याविषयी शेवटी सांगते. त्याखाली मालकांची सही घेतली. ही सही फार महत्त्वाची. तिच्यावाचून प्रकल्प दिवाळीपर्यंत चालतो आणि मग विरून जातो.

तूर मिलमध्ये आली की चाळतात, लहान-मोठा दाणा वेगळा करतात आणि सालाला चरे पडावेत म्हणून एमरीच्या रोलमधून एकदा काढतात. मग तेल चोळून मुरत ठेवतात, ओट्यावर उन्हात पसरतात, पाणी मारून पुन्हा वाळवतात आणि शेवटी भरडतात. पहिल्या फेरीत सगळं साल निघत नाही, उरलेला माल पुन्हा त्याच वाटेने जातो. दर फेरीला थोडी कणी वाढते.

मोजण्याआधी मोजमाप तपासावं लागतं. ओट्यावर काम करणाऱ्या बायका दाणा दाताखाली धरून वाळला की नाही ते सांगतात. आमच्याकडे ओल मोजायचं यंत्र होतं. एकाच ढिगातले नमुने ओळख न देता त्यांना दोन-दोनदा दिले, यंत्रालाही दिले. ओट्यावरच्या जुन्या मावशींचा निकाल दोन्ही वेळा एकच यायचा आणि यंत्राशी जुळायचा. नव्या मुलींचा तसा जुळत नव्हता. मग मावशींनाच शिकवायला बसवलं. त्यांचं ज्ञान मिलमध्ये पहिल्यापासून होतं, फक्त ते कुणी विचारलेलं नव्हतं.

नोंदी सुरू झाल्या. कणीचा आकडा नुसता लिहायचा नाही, तर लॉट कुठला, रोल कुठला, पाळी कुठली आणि माल ओट्याच्या कुठल्या भागातला, हेही लिहायचं. असं वेगळं-वेगळं करून पाहिल्यावर दोन गोष्टी समोर आल्या. गोदामाच्या भिंतीलगतच्या पट्ट्यावर दुपारनंतर सावली पडायची, तिथली तूर ओलसर राहायची आणि मधल्या वाळलेल्या तुरीत मिसळली जायची. ही पहिली गोष्ट. दुसरीने सगळेच चकित झाले, मिस्त्रीसुद्धा.

रोलची फट मिस्त्री दिवसातून कितीतरी वेळा बदलत होते. कणी जास्त दिसली की फट सैल करायची, सालाची डाळ दिसली की आवळायची. हे इमानदारीने चाललं होतं. मालकही ओरडायचे, “अण्णा, बघा जरा, कणी वाढली!” की अण्णा लगेच चावी घेऊन धावायचे. पण त्या चढउतारांतले बहुतेक नेहमीचेच, मालाच्या स्वभावातले होते. त्या प्रत्येकावर इलाज केला की पुढच्या लॉटला तो इलाजच बाधतो. गुणवत्तेचे तज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग हे नरसाळ्याच्या प्रयोगाने दाखवत. टेबलावर खूण करून नरसाळ्यातून तिच्यावर गोळी सोडायची. नरसाळं हलवलं नाही, तर गोळ्या खुणेभोवती थोड्या पसरतात. दर वेळी गोळी जितकी चुकली तितकं नरसाळं उलट सरकवत गेलं, तर पसारा वाढतो. चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीने काम बिघडतं, हे मान्य करणं माणसाला फार जड जातं. मला या पद्धतीतलं सर्वांत मोलाचं शिक्षण हेच वाटतं. आपल्या कार्यालयांतही रोजच्या आकड्यावरून रोज कुणाला तरी बोल लावला जातो. त्याने आकडा सुधारत नाही, आकडा लिहिणारा घाबरतो.

म्हणून भिंतीवर शूहार्ट यांचा आलेख लावला, कानडी आणि मराठी दोन्हींत. मध्ये एक रेघ, वर-खाली दोन लाल रेघा. दर ठरावीक वेळाने कणी मोजून ठिपका द्यायचा. ठिपका लाल रेघांच्या आत असेल, तर रोलला हात लावायचा नाही. बाहेर गेला किंवा ओळीने एकाच बाजूला पडू लागला, तरच थांबून कारण शोधायचं. तो आलेख मालकांनी नव्हे, अण्णांनी भरायचा. भिंतीलगतच्या पट्ट्यावर तूर पातळ पसरायची, दुपारी ढीग उलटायचा आणि तो भाग वेगळा भरडायचा, एवढं ठरलं. कणी उतरली. नवी मशीन घ्यावी लागली नाही.

सगळीकडे हे लागू पडत नाही. बिदरच्या बिदरी कलेत जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार बसवणाऱ्या कारागिराचा हात दर वेळी किंचित वेगळा पडतो, त्यातच त्या वस्तूची किंमत आहे. त्या पसाऱ्याला आवळायला जाणं हा अपराध होईल. त्याच कारखान्यात ओतकामात किती भांडी वाया जातात, ते मात्र जरूर मोजावं.

प्रकल्प टिकतो की नाही, हे शेवटच्या टप्प्यावर ठरतं आणि तिथे बहुतेक मालक कच खातात. दुपारी ढीग उलटायचं जास्तीचं काम ओट्यावरच्या बायकांवर येतं. त्याची मजुरी कोण देणार? वाचलेल्या डाळीच्या पैशातून ती द्यावी, असा माझा आग्रह असतो आणि पहिल्या पानावरच मी तशी ओळ घालते. मजुरी न देता जिथे काम वाढवलं जातं, तिथे महिन्याभरात ओलसर पट्टा पुन्हा मधल्या तुरीत मिसळलेला दिसतो. आलेखावरचे ठिपके मात्र आज्ञाधारकपणे रेघांच्या आत पडलेले असतात, कारण ते मनाने भरलेले असतात. अशा आलेखापेक्षा कोरी भिंत परवडली. कलबुर्गीजवळच्या त्या मिलमध्ये मालकांनी मजुरीची ती ओळ वाचून दोन दिवस विचार केला आणि मग सही केली. आता गंजातून येणारा माल उतरवतानाच ओलीप्रमाणे वेगळा लावायचा, हा तिथला पुढचा प्रकल्प आहे. त्याच्या पहिल्या पानासाठी हमालांनाही बैठकीला बोलावलंय.