मंदावलेल्या यंत्राची नाडीपरीक्षा

विंडोज १० या प्रणालीला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नव्या विंडोजच्या अटींत न बसणारे परंतु एरवी धडधाकट असलेले संगणक घरांत, शाळांत आणि लहानसहान कार्यालयांत पुष्कळ आहेत. त्यांपैकी काहींवर आता लिनक्सची स्थापना झाली आहे. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली जिचा गाभा रचला, ती ही प्रणाली मोफत मिळते आणि जुन्या यंत्राशी जमवून घेते अशी तिची ख्याती आहे. ख्याती बव्हंशी खरीही आहे. तथापि काही महिने लोटले की तक्रार कानी येते : यंत्र मंद झाले, एक पत्र उघडावयास दोन मिनिटे लागतात.

या तक्रारीवर शेजारचा जाणकार देतो तो सल्ला ठरलेला असतो. सारे पुसून टाकावे आणि प्रणाली नव्याने बसवावी! कधी हा उपाय लागू पडतो, पुष्कळदा पडत नाही. आणि क्वचित प्रसंगी याच उपायापायी शाळेची दहा वर्षांची हजेरी किंवा संस्थेचे जमाखर्च कायमचे नाहीसे होतात. ज्वर आलेल्या प्रत्येकाला एकच काढा पाजणाऱ्या वैद्यासारखाच हा प्रकार. ज्वर कशाने आला, हे पाहण्यासाठी आधी नाडी धरावी लागते.

यंत्राचा कारभार समजून घेण्यास एखादी कचेरी डोळ्यांसमोर आणावी. प्रोसेसर हा कारकून, रॅम म्हणजे त्याचे मेज आणि डिस्क म्हणजे दप्तरखाना. कारकून कितीही चपळ असला तरी मेजावर नसलेला कागद दप्तरखान्यातून येईपर्यंत त्याला हातावर हात ठेवून बसावे लागते. हे बसणे किती मोठे असते याची कल्पना सहसा नसते. रॅममधून माहिती मिळण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून ती मिळण्यास सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट काळ लागतो. मेजावरचा कागद उचलण्यास एक सेकंद लागतो असे धरले, तर दप्तरखान्यातला कागद येण्यास जवळजवळ २८ तास लागतात! तबकडीऐवजी एसएसडी असेल तर तेच काम पंधरावीस मिनिटांवर येते. मंदपणाच्या बहुतेक कथा या एका अंतरात सामावलेल्या आहेत.

लिनक्समध्ये टर्मिनल उघडून ‘टॉप’ ही आज्ञा दिली की पहिल्या ओळीच्या अखेरीस तीन आकडे दिसतात. गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांतील सरासरी भाराचे ते आकडे होत. चार कोअरच्या प्रोसेसरवर भार चारच्या आसपास असेल तर चिंता नको. तो बारा झाला तर कोठेतरी रांग लागली आहे हे निश्चित. परंतु ती रांग कारकुनापुढे आहे की दप्तरखान्यापुढे, हे या आकड्यावरून समजत नाही, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. आकडा चढला की प्रोसेसर दुबळा ठरवून लोक नव्या यंत्राच्या खरेदीस निघतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

या संदिग्धतेमागे एक इतिहास आहे. युनिक्सच्या जुन्या परंपरेत प्रोसेसरची वाट पाहणारी कामे तेवढी भारात मोजली जात. १९९३ च्या ऑक्टोबरात मॅथियास उर्लिक्स यांनी लिनक्सच्या गाभ्यात एक लहानशी दुरुस्ती सुचविली. त्यांचा आक्षेप मार्मिक होता. जलद डिस्क काढून तिच्या जागी संथ डिस्क बसविली तर यंत्र उघड मंदावते, पण भाराचा आकडा मात्र खाली येतो, कारण डिस्कपाशी ताटकळणारी कामे मोजलीच जात नाहीत. दुरुस्ती स्वीकारली गेली आणि तेव्हापासून लिनक्स ही ताटकळणारी कामेही भारात धरतो. पुढे हे कारण इतके विस्मरणात गेले की २०१७ साली ब्रेंडन ग्रेग या तज्ज्ञाला ते जुन्या पत्रव्यवहारातून उकरून काढावे लागले.

म्हणून भार पाहिल्यावर नजर दोन ओळी खाली न्यावी. तेथे ‘डब्ल्यूए’ या अक्षरांशेजारी, प्रोसेसर रिकामा असून डिस्कसाठी खोळंबला तो काळ शेकडेवारीत दिलेला असतो. भार मोठा आणि हा आकडाही मोठा, तर दुखणे दप्तरखान्याकडचे. भार मोठा आणि हा आकडा नगण्य, तर बहुधा एखादा कार्यक्रम प्रोसेसरला राबवीत आहे. मोठ्या लिपीतले ‘पी’ हे अक्षर दाबताच तो यादीत सर्वांत वर येतो. नुकतीच प्रणाली बसविली असेल तर फायलींची सूची करणारा एखादा सेवक पडद्यामागे राबत असण्याचा संभव असतो. त्याला काही तास देऊन स्वस्थ बसणे हाच त्यावरचा उपाय.

प्रोसेसर राबतो आहे पण काम पुढे सरकत नाही, असे दिसले तर यंत्राला हात लावून पाहावे. पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचविण्यासाठी आपली गती आपणच कमी करतो. तेथे मऊ ब्रशने जे साधते ते कोणत्याही आज्ञेने साधत नाही.

रॅमविषयी तर गैरसमज फारच. ‘फ्री’ ही आज्ञा दिली की ८ जीबीच्या यंत्रात जेमतेम ३०० एमबी मोकळी दिसते आणि मालकाच्या छातीत धस्स होते. वस्तुतः लिनक्सला रिकामे मेज ठेवणे मानवत नाही. एकदा आणलेला कागद पुन्हा लागेल या हिशेबाने तो मेजावरच राहू देतो, आणि जागेची निकड लागताच बाजूस सारतो. हे कागद सक्तीने झाडून काढण्याच्या युक्त्या हौसेने सांगितल्या जातात. त्यांनी यंत्र आणखी मंदावते, कारण तेच कागद पुन्हा दप्तरखान्यातून आणावे लागतात. पाहावयाचा तो ‘अव्हेलेबल’ या शीर्षकाखालचा आकडा. २०१४ पासून गाभा हा अंदाज स्वतःच करून देतो.

तो आकडाही तळाला गेला असेल तर मात्र प्रकरण गंभीर आहे. मेज भरले की लिनक्स काही कागद डिस्कवरील ‘स्वॅप’ नावाच्या जागेत पाठवितो. थोडी अदलाबदल निरुपद्रवी असते. पण प्रत्येक नव्या कागदासाठी जुना परत पाठवावा लागला आणि क्षणात तोच पुन्हा मागवावा लागला, तर कारकुनाचा दिवस हेलपाट्यांतच जातो. या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. पीटर डेनिंग यांनी तिची मीमांसा १९६८ सालीच केली होती. ‘व्हीएमस्टॅट १’ ही आज्ञा दर सेकंदाला एक ओळ छापते. पहिली ओळ यंत्र सुरू झाल्यापासूनच्या सरासरीची असल्याने ती सोडावी, आणि पुढील ओळींत ‘एसआय’ व ‘एसओ’ हे दोन स्तंभ सतत मोठे राहतात काय ते पाहावे. राहत असतील तर दोषी बहुतेक वेळा ब्राउझर नावाचा बकासुर निघतो. चाळीस पाने उघडी ठेवण्याची सवय ४ जीबीच्या यंत्राला सोसत नाही. सवय सुटत नसेल तर रॅम वाढवावी.

आता उरला दप्तरखाना, आणि खरा धोका तेथेच आहे. रॅम पुरेशी आहे, स्वॅप शांत आहे आणि तरीही ‘डब्ल्यूए’ चढलेलाच आहे, अशा वेळी डिस्क मरणपंथाला लागली असण्याची शंका घ्यावी. तबकडीवरील एखादा भाग वाचता येईनासा झाला की डिस्क तो पुनःपुन्हा वाचून पाहते. लिनक्स एकेका मागणीसाठी साधारणपणे ३० सेकंद वाट पाहतो आणि मग पुन्हा मागणी करतो. वरून दिसतो तो केवळ मंदपणा. ‘डीमेसेज’ या आज्ञेने गाभ्याची रोजनिशी वाचता येते. तीत डिस्कच्या नावाने ‘आय-ओ एरर’ अशा नोंदी असल्या तर संशय खरा ठरतो. ‘स्मार्टसीटीएल’ हा कार्यक्रम डिस्कने स्वतःविषयी ठेवलेली टिपणे दाखवितो; त्यांतील ‘पेंडिंग सेक्टर’ हा आकडा शून्याहून मोठा असणे हे वाईट चिन्ह होय. टिपणे चांगली दिसली म्हणून डिस्क निर्दोष ठरते, असे मात्र नाही.

अशा डिस्कवर प्रणाली नव्याने बसविणे म्हणजे अखेरच्या घटका मोजणाऱ्याला डोंगर चढावयास लावणे आहे. डिस्क तपासून दुरुस्त करणारे कार्यक्रमही त्या वेळी चालवू नयेत. यंत्र बंद करावे, दुसऱ्या माध्यमावरून सुरू करावे आणि प्रथम नक्कल घ्यावी. ग्नू प्रकल्पाचा ‘डीडीरेस्क्यू’ हा कार्यक्रम याच कामासाठी आहे. तो धडधाकट भाग आधी उतरवून घेतो, अडलेले भाग अखेरीस पुन्हा प्रयत्न करण्यासाठी राखून ठेवतो आणि कोठवर मजल गेली याची नोंद ठेवतो. नक्कल पूर्ण झाल्यावर नवी एसएसडी बसवावी, तिच्यावर लिनक्स घालावा आणि मगच नकलेतून वह्या परत आणाव्यात. जुनी डिस्क मात्र फेकण्याची घाई करू नये; हजेरीची आणि जमाखर्चाची प्रत्येक वही उघडून पाहीपर्यंत ती कपाटात असू द्यावी.