जुने घर पाहायला पावसाळ्यात जा

नूतनीकरण केलेला ऐतिहासिक बंगला, बाजारपेठेजवळ, विकणे आहे. अशी जाहिरात सातारा-सांगलीकडे दिसली की किंमत विचारण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. जमीन कोणाची आहे, आणि दुरुस्ती कशाने केली आहे?

पहिल्या प्रश्नाचे मूळ महाबळेश्वरात आहे. 1829 साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी हा परिसर कंपनी सरकारला दिला आणि मोबदल्यात खंडाळा गाव घेतले. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने माल्कम पेठ वसली आणि पेठेभोवती बंगले उभे राहिले. त्यांतल्या अनेकांची जमीन आजही सरकारी भाडेपट्ट्याची आहे. तिथे हस्तांतराला शासनाची परवानगी लागते, म्हणून पट्ट्याची मुदत आणि अटी आधी वाचाव्यात. शिवाय 17 जानेवारी 2001 च्या अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झाले. मनात येईल तेव्हा मजला चढवण्याची सोय इथे नाही. गावठाणातल्या वाड्याची गोष्ट वेगळी. तिथे मिळकत पत्रिकेवर किती वारसांची नावे आहेत आणि जुने भाडेकरू कोण, हे पाहावे लागते.

दुरुस्ती कशाने केली, हा दुसरा प्रश्न खरे तर पाण्याचा. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथला जांभा सच्छिद्र आहे, ओल पितो. जुन्या गवंड्यांनी तो चुन्यात बांधला, कारण चुन्यातून ती ओल उन्हाळ्यात बाहेर पडते. पावसाच्या तोंडाला येणाऱ्या भिंतींवर गवती ताट्या बांधण्याचा रिवाजही ओल अडवण्यासाठीच होता. याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते. काही पावसाळ्यांत भिंतीला लोणा लागतो, रंगाचे पोपडे सुटतात आणि भिंतीत शिरलेली तुळ्यांची टोके कुजतात. नव्या रंगाखाली हे लगेच कळत नाही.

सांगलीच्या गावभागात पाणी वरून नव्हे, कृष्णेतून येते. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. त्याआधी 2005 मध्ये आणि नंतर 2021 मध्येही शहराने मोठा पूर पाहिला. अनेक दिवस पाण्यात राहिलेली मातीची भिंत पायापासून विरघळते. पण घडीव दगडाचे जोते आणि सागवानी खांब-तुळ्यांचा सांगाडा असलेल्या वाड्यात कडीपाटाचा भार सांगाडा पेलतो. ढासळलेली भिंत पुन्हा रचता येते. दुरुस्तीच्या नावाखाली तोच खांब कापून दिवाणखाना मोठा केला असेल, तर वाड्याचा आधारच गेला.

म्हणून नूतनीकरण या शब्दाला भुलू नका. चुना, जांभा, सागवान जपून केलेली दुरुस्ती महाग पडते, आणि तिची किंमत विकणाऱ्याला मिळायलाच हवी. फरशी आणि छताच्या सजावटीला मात्र वारशाचा भाव देऊ नये. घर जुलै-ऑगस्टमध्ये पाहा, जाणता गवंडी आणि सुतार बरोबर न्या, पुराची खूण विचारा, कागद वकिलाला दाखवा. असे पारखून घेणारे ग्राहक वाढले, तरच चुन्याचे काम जाणणाऱ्या हातांना काम राहील आणि आपल्या गावांतली जुनी घरे टिकतील.